न्यूमार्केटच्या घोड्याचा भोवरा

नवीन जालन्याचे आमचे व्याही गजाननराव यांना राजूरहून काकासाहेबाचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? विहीणबाईंची साखर उतरली का? आम्ही उभयता बुधवारी विलायतेहून परत आलो. यायचं पुढच्या महिन्यात होतं, पण जल्दी आलो. कारण वाचायच्या आधी पाणी पिऊन घ्या. मुलाकडच्यांना असं पत्र लिहायची पाळी दुश्मनावरही येऊ नये.

तुमचे चिरंजीव, आमचे जावई मुकुलराव ज्या न्यूमार्केटात घोड्यांचे डॉक्टर आहेत, ते गाव तुम्ही पाह्यलं न्हाई म्हणून सांगतो. तिथं साडेतीनशे वर्षांपासून घोड्यांच्या शर्यती चालतात अन् सारं गाव घोड्यांवरच जगतं. सकाळी घोडे रांगेनं रस्ता ओलांडून राह्यले की मोटारी गप उभ्या राहतात. (आपल्याकडं जाफराबादच्या एसटीला म्हातारा माणूस हात करतो, तरी ती थांबत न्हाई.) तर मुकुलराव मला एका तबेल्यावर घेऊन गेल्ते. मालकीण मार्गारेटबाई, सत्तरीची, मोठी अदबीची. तिचा सगळ्यात चांगला घोडा शनिवारी पळणार होता. तिनं विचारलं, तुम्ही शेतकरी माणूस, कसा वाटतो आमचा घोडा? छान म्हणालो असतो तर माझ्या बापाचं काय गेलं असतं? पण जनावर पाहून गप राहणं आमच्या रक्तात न्हाई. (आमची मंडळी उषाबाई म्हणते, काहीच पाहून गप राहणं न्हाई.) मी घोड्याभोवती फेरी मारली, मानेवरच्या केसांच्या भोवऱ्यावर बोट ठेवलं अन् सांगितलं, हा भोवरा मालकाला भिकेला लावतो. मुकुलराव ते इंग्रजीत सांगेनात, तर मीच अंगठा खाली करून दाखवला.

बाई आधीच गोरी, आणखी पांढरी पडली. तिनं घोडा शर्यतीतून काढून घेतला. अन् तिच्या या घोड्यानं आधी दोनदा हरवलेला दुसराच घोडा शनिवारी पहिला आला. घोडे तयार करणारा उस्ताद मुकुलरावांवर असा तापला की येत्या सोमवारी त्यांच्या नोकरीचा फैसला आहे. आमच्या लेकीनं, प्रियदर्शनीनं, आम्हाला विमानतळावर सोडलं, पाया पडली, पण माझ्याशी एक शब्द बोलली न्हाई. गजाननराव, पोरीचं ते न बोलणं मला सहन होत न्हाई. सात समुद्रापार जाऊन मी तिच्या संसारात माती कालवली. तुम्ही द्याल ती शिक्षा कबूल आहे.

तुमचा गुन्हेगार,
काकासाहेब

ता. क. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात पोरीचा फोन आला. (बोलली!) तो भोवऱ्याचा घोडा काल लंगडायला लागला. पायाच्या हाडाला बारीक तडा निघाला. शनिवारी पळाला असता तर जिवानिशी गेला असता. मार्गारेटबाई म्हणते, मुकुलरावांची नोकरी पक्की. फक्त बाकीच्या एकवीस घोड्यांचे भोवरे काकासाहेबांनी येऊन पाहावेत. मंगळवारची तिकिटं आली आहेत. उषाबाईनं बॅग भरायला घेतली.

दुसरा ता. क. हे विहीणबाईंनाही वाचून दाखवू नका. मला घोड्यातलं बिलकुल कळत न्हाई. मी बैलांचे भोवरे पाहतो, अन् त्यातही दोनदा फसलो आहे. जालन्यात कुणी घोड्याचा जाणकार असेल तर चांगले भोवरे कोणते, तेवढं विचारून मंगळवारच्या आत कळवा. वाईट मी मनानंच सांगतो.