सहा सवा साडेसात

परतूर, बुधवार, संध्याकाळ

काल वर्गाला दशांशाचा भागाकार घातला, ७.५ भागिले १.२५. चिन्ह कुठं सरकवायचं यातच सगळ्या पोरी अडल्या. चंद्राने मात्र पाटीवर नुसता सहा लिहिला. "सहा सवा साडेसात, मास्तर. आजोबांनी सव्वाचा पाढा शिकवलाय." रीत मांडली नाही म्हणून मी चिडून तळहातानेच तो सहा पुसला.

आज तिचे वडील आले. "पोरगी म्हनती, मला गणित येत न्हाई, मास्तरांनी उत्तर पुसलं. मंग उगं कशाला धाडू? घरीच राहील."

मी फक्त "बरं" म्हणालो. बरं? एवढंच कसं सुचलं मला? उत्तर बराबर होतं, हे सांगायला काय लागत होतं?

अख्ख्या वर्गात एकच उत्तर खरं आलं, आणि तेवढंच मी पुसलं.