मधली खुर्ची

दि. ३ मार्च

श्री. मेहुणे यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र लिहावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला. आमच्या गल्लीतली शिंपीणबाई रविवारी सिनेमाला गेली होती. तिथे तिने तुम्हाला पाहिलं. गाण्यांच्या वेडापायी प्रेम हातचं घालवणाऱ्या कुणा तरुणाचा विनोदी सिनेमा होता म्हणे, आणि तुम्ही इतके हसत होतात की पुढची माणसं वळून बघत होती. माझी धाकटी बहीण जाऊन अजून दोन महिने व्हायचेत. बरं, हसू येतं माणसाला, मी समजले असते. पण शेजारच्या खुर्चीवर तुम्ही पिशवी ठेवली होतीत आणि तिथे बसायला आलेल्या माणसाला हात करून परत पाठवलंत. तोंडात टाचण्या धरून शिंपीणबाईने मला विचारलं, मेहुण्यांचं कुठे जुळतंय का? मी बाहीचं माप तसंच अर्धं टाकलं आणि घरी आले.

दुसऱ्यांना दात देणारे आणि स्वतः तोंड न उघडणारे म्हणून आम्ही तुम्हाला कवळीवाले म्हणायचो. आता मात्र तोंड उघडा. तसं काही असेल तर धाकटीची रेकॉर्डची पेटी माझ्याकडे पाठवून द्या आणि पुन्हा या दारी येऊ नका. तिची गाणी दुसऱ्या कुणी लावलेली मला सोसणार नाहीत.

जेवत असाल. राग आहे, पण काळजी त्याच्याही आधीची आहे.

आपली,
अक्का


दि. ८ मार्च

ती. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. शिंपीणबाई खोटं बोलल्या नाहीत. मी हसलो, खुर्चीही अडवली. मला लाज वाटते, पण तुम्हाला वाटतं त्या गोष्टीची नाही.

तुमच्या बहिणीला गाण्यापुढे काही सुचत नसे, हे तुम्हाला मी काय सांगू? मी कवळी घासायला बसलो की ती आतून ओरडून सांगायची, तुमचं यंत्र आज बेसूर आहे. सिनेमात तर गाणं सुरू व्हायच्या आत ती गुणगुणू लागे. शब्दच नाही, मधलं वाजवणंसुद्धा. लोक शुक् शुक् करत. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग मी एक युक्ती काढली. गर्दी नसली की आमच्या दोघांमधली एक खुर्ची सोडायची आणि तिच्यावर पिशवी ठेवायची. पिशवीला जागा हवी, असं मी सांगे. खरं म्हणजे ही बाई माझ्याबरोबर आहे हे लोकांना कळू नये, एवढंच. फारच झालं तर पिशवीवरून हात लांब करून तिला खोकल्याची गोळी देत असे. गोळी चघळेपर्यंत ती गप्प राही. ती दर वेळी हसून गोळी घ्यायची. तिला कळत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही.

हा सिनेमा तिला बघायचा होता. त्यातली गाणी तिने दवाखान्यात रेडिओवर ऐकून पाठ केली होती. म्हणून मी गेलो. सवयीने पिशवी शेजारी ठेवली. एक माणूस आला, त्याला सवयीनेच परत पाठवलं. मग पडद्यावर तो गाणंवेडा तरुण आपल्या मैत्रिणीला सिनेमाला घेऊन गेला आणि मोठमोठ्याने गुणगुणू लागला, आणि ती बिचारी हळूच एक खुर्ची पलीकडे सरकली. सगळे हसले. मीही हसलो. सगळ्यांचं हसून झालं तरी मला थांबता येईना. त्या मुलीसारखा चेहरा मी किती वर्षं केला असेन! शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची मला सवय आहे, अक्का. तिच्या पलीकडचीही रिकामी आहे, हे तेव्हा लक्षात आलं. त्यानंतर मी हसत नव्हतो. मागून नुसते खांदे दिसतात, शिंपीणबाईंना फरक कळला नसेल. मध्यंतरातच उठून आलो.

पेटी हवी असेल तर पाठवतो. मात्र दार बंद करू नका. तिच्याविषयी बोलायला मला दुसरं घर नाही.

आपला,
कवळीवाला


दि. १४ मार्च

कवळीवाले मेहुण्यांना अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र शिंपीणबाईला वाचून दाखवलं. तिने जीभ चावली. टाचण्या तोंडात नव्हत्या म्हणून बरं. जीभ मीही चावली. चौकशीआधी निकाल देऊन मोकळी झाले, मलाच तोंड लपवावंसं वाटतंय. आणि एक ऐका. धाकटी शाळेच्या मैदानावर रांगेत उभी राहून गुणगुणायची, तेव्हा ही कोण असं कुणी विचारलं तर मी शेजारची मुलगी म्हणून सांगत असे. आता बोला.

पेटी तिथेच असू द्या. माझ्याकडे वाजवायला यंत्र कुठे आहे? सिनेमा अजून चालू असेल तर मला न्या. त्या पोराचं पुढे काय झालं, ते तुम्हालाही कळलेलं नाही. लोभ होता तिथेच आहे, हलवू नका.

तुमची,
अक्का


दि. २३ मार्च

ती. अक्का यांस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचला असाल. समोर असताना बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो.

काल तिसऱ्या गाण्याला मी गुणगुणत होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. तिने दवाखान्यात इतक्या वेळा म्हटलेलं, ते आपोआप आलं असावं. कोणी शुक् केलं असेल तर तेही मी ऐकलं नाही. मला छान वाटत होतं. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा पाहिलं, तुम्ही एक खुर्ची पलीकडे सरकला होतात, मध्ये तुमची पिशवी होती आणि तिच्यावरून तुम्ही मला खोकल्याची गोळी देत होतात.

तुम्ही ओशाळलात. ओशाळू नका. मी हसून गोळी घेतली, ते तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तीही दर वेळी तशीच हसत असे, अक्का. तिला सगळं कळत होतं.

पुढचा सिनेमा लागला की कळवतो. पिशवी आणा.

आपला,
कवळीवाला