महिन्यातले दोन दिवस संरक्षण

४ ऑक्टोबर
आले एकदाची एल्मरिजला! धान्याच्या कोठारांपलीकडे भाड्याचं घर, मागे मोकळं रान, पडवीत ऊन. घरमालकीण टॉर्सनबाईंनी भोपळ्याचं गोड सारण भरलेली गरम पेस्ट्री आणून दिली. राज्याच्या राखीव सैन्याच्या इथल्या तुकडीत मी ट्रक मेकॅनिक. महिन्यातून एक शनिवार-रविवार कवायत, एरवी ज्याचा त्याचा पोटाचा धंदा. कॅप्टन ब्रॉकमायर एरवी विमा विकतात. कवायतीला मात्र असे चालतात, जणू मुलूख जिंकून आलेत. सार्जंट कर्टिस ओल्गार्डने माझी खोकी उचलली. एरवी तो शेरीफचा डेप्युटी, म्हणजे गावचा पोलीसच. एकूण मी खूश आहे.

१९ ऑक्टोबर
चिखलाचे बूट पडवीत काढून ठेवले होते. सकाळी चकचकीत, नाड्याही नव्या. ओल्गार्डचा मेसेज : सैनिकाने गबाळं राहू नये. स्पष्ट कळवलं, पुन्हा इकडे फिरकू नकोस. उत्तरात हसरा चेहरा. मूर्ख मेला!

२ नोव्हेंबर
कॅप्टनच्या कानावर घातलं. म्हणे, "फुकट पॉलिश मिळतंय, वर तक्रार? बायको सोडून गेलीये गं त्याची, जरा हळवा झालाय." हळवा! हाच माणूस गारपिटीची भीती घालून लोकांना विमे विकतो.

११ नोव्हेंबर
दाराचं कुलूप जसंच्या तसं. आत बिछाना आवरलेला, बराकीत आवरतात तसा, चादरीचे कोपरे घट्ट दुमडून. उशीवर डोक्याचा खळगा. टॉर्सनबाईंनीच किल्ली दिली होती. "कर्टिस पोलीस आहे ना गं, त्याला कसलं भ्यायचं?" अक्कल गहाण टाकलीये सगळ्यांनी. कुलूप बदललं. 

६ डिसेंबर
राज्याच्या सैनिकी कायद्यात पाठलाग हा गुन्हा आहे. ते कलम शोधून कॅप्टनपुढे वाचलं, तेव्हा कुठे साहेबांनी हुकूम काढला : ओल्गार्डने माझ्यापासून लांब राहायचं. ओल्गार्डने कडक सलाम ठोकला. मग साहेब हळूच म्हणाले, हुकूम फक्त कवायतीपुरता. गणवेश उतरला की आपलं राज्य संपलं. बाकीच्या दिवसांसाठी कोर्टात जा. आणि कोर्टाचा हुकूम राबवणार कोण? शेरीफची माणसं. कोणती माणसं, विचारलं, तर साहेब छताकडे बघायला लागले. कुंपणच शेत खातंय आणि हे कुंपणाला रंग देतायत.

८ डिसेंबर, सकाळ
बर्फाचं वादळ. रस्ते बंद, कामाला सुट्टी. नवं कुलूप शाबूत आहे. तरी न्हाणीघरात पुरुषाचा वस्तरा —
ओला.
भीती वाटतेय. लिहून टाकते : फार भीती वाटतेय.

दुपार
स्वयंपाकघराचं दार आतून लावून बसलेय. शेरीफ कचेरीच्या मदतीच्या नंबरवर फोन केला. त्याचं नाव सांगायच्या आतच ती बाई गोड आवाजात म्हणाली, घाबरू नका, वादळात आमची एकच गाडी बाहेर आहे, आणि नशीब बघा, मघापासून ती तुमच्याच दारात —
खिडकीतून पाहिलं. गाडी आहे. आत कुणी नाही.
कॅप्टनला फोन लावला. म्हणाले, विम्याचं असेल तर बोल, बाकीचं पुढच्या कवायतीला बघू —
घरातल्या जिन्यावर बूट वाजतायत. सावकाश, एकेक —
इथेच थांबले. दाराची मूठ