पवित्र गावाला निघालेली तंबाखूवाली

कोल्हापूर,
ता. ८ जून १९८१

चि. शालन हिला आईचा आशीर्वाद. बाळाला आजीचा मुका. जावईबापूंना आन इहीणबाईंना नमस्कार सांग.

हितं समदं बरं हाय. म्हस व्याली, रेडी झाली. शेजारच्या बाळाबाईचं गुडघं पुन्यांदा धरल्यात. अमृतसरात उन्हाळा लई कडक म्हणत्यात, पोराला जप. तुझं पत्र आठ दिसांमागं मिळालं. उत्तराला येळ लागला, कारण पयल्या तीन पत्रांत नुसत्या शिव्याच उतरल्या. ती चुलीत घातली.

तर त्या डब्याचं. चूक माझी हाय. लाडू डिंकाचं, तूप घरचं, पर डबा दुकानातला, तंबाखूचा. राखंनं तीनदा घासलावता, दोन दिस उन्हात ठेवलावता. मला वास येईना. वीस वरसं तंबाखूत बसलेल्या बाईला कुठला वास येतोय! इहीणबाईंनी झाकण उघडलं आन लाडू तसंच टाकून दिलं, असं तू लिवलंस. मला राग न्हाई. त्येंच्या शीख धर्मात तंबाखू शिवत न्हाईत, मला ठावं हाय. मी माफी मागते म्हणून सांग त्यास्नी.

पर फुडचं मी दोनदा वाचलं. डब्यामुळं त्यास्नी कळलं म्हणं, की तुझी आई तंबाखू इकती. मग दोन वरसं तू काय सांगितलंवतंस? धान्याचं दुकान! अगं भवानी, तुझा बा गेला तवा तू तीन वरसांची. त्याच दुकानात पोत्यावर झोपून मोठी झालीस, त्याच तंबाखूवर मॅट्रिक झालीस. लाडू टाकल्याचं न्हाई, ह्येचं मला लागलं. लई लागलं.

आन वर लिवतीस, "गाव पवित्र जाहीर करा, तंबाखू बंद करा, म्हणून हितं मोर्चे निघत्यात. तू आत्ता येऊ नको. आलीस तर दुकानाचं बोलू नको."

आता हिकडचं ऐक. परवा आमचं ठोक व्यापारी हंबीरराव दुकानात आलं. म्हणालं, "धोंडुबाई, तिकडं आपला माल बंद कराय निघाल्यात. निषेधाच्या कागदावर सही करा." मी म्हटलं, "अंबाबाईच्या देवळात तुमी पायताण घालून जातासा व्हय? मग त्येंच्या गावात तंबाखू नको तर नको. सरकारनं उद्या जाहीर करावं की! मी सही करत न्हाई." त्येंचं तोंड लाल झालं. "मग माल मिळायचा न्हाई तुमास्नी." म्हटलं, "नका देऊ. निपाणीच्या तंबाखू बाजाराला जाणारी एस्टी मला बी सापडती." गेलं तणतणत.

म्हंजे बघ, तुझ्या सासरच्या गावासाठी मी हितं भांडले, आन तू मला घरात लपवायला बघतीस.

त्येंच्या गावाचा मान मी ठेवणार. दातांना लावायची तंबाखूची मिसरी सोडली, आज सात दिस झालं. डोकं ठणकतंय, गिऱ्हाइकावर खेकसते, पर सोडली. येताना लुगडीसुदिक नवी आणणार, दुकानात न नेसल्याली. एवढं करीन. पर लाजायला सांगशील, तर ते जमायचं न्हाई. तुझा बा गेल्यावर समद्या गल्लीनं सांगून बघितलं, तवा जमलं न्हाई, आता काय जमतंय!

तिकीट काढलंय. बावीस तारखेला पोचते. इहीणबाईंनी इचारलं, काय करतासा, तर हात जोडून सांगणार, तंबाखू इकते. त्यास्नी हाकलायचं असंल तर हाकलू दे, त्येंचं घर हाय. बाळाला उंबऱ्याभाईरनं बघीन आन माघारी फिरीन. पर तवा तू खाली मान घालून उभी ऱ्हाऊ नको, शालू. "ही माझी आई" एवढं मोठ्यानं म्हण. मग मी कुठनं बी माघारी जाईन.

ठेसनावर यायला जमत नसंल तर येऊ नको. पत्ता हाय माझ्याकडं, आन तोंड बी हाय.

तंबाखू इकून तुला वाढवणारी,
तुझी आई
धोंडुबाई