बंद घराभोवतीची फक्की

सातारा, ३ जानेवारी २०२२

तीर्थरूप दादा,

शि. सा. न. वि. वि. मेंढरांच्या गोंधळात तुम्ही नुसतं व्हय-व्हय करून फोन ठेवता, म्हणून पत्र.

ड्रोनने गावठाणांचे फोटो काढले ना, त्यांवरून नकाशे करायचं काम आमच्या ऑफिसात आलंय. परवा माझ्या संगणकावर चक्क आपलं गाव उघडलं! ड्रोन उडायच्या आधी ज्याने त्याने आपल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारायची होती. त्या पांढऱ्या रेघेवरूनच आम्ही हद्द आखतो. तुम्ही मेंढरं घेऊन बाहेर पडलात तेव्हापासून, म्हणजे दिवाळीपासून, आपल्या घराला कुलूप, तरी घराभोवती फक्की आहे. आणि शेजारच्या गुंडाकाकांच्या नि आपल्या भिंतीमधला बोळ, ज्याच्यावरून तुम्ही दोघं माझ्या जन्माआधीपासून भांडताय, तो अख्खा आपल्या बाजूला! दादा, कुणी मारली असेल हो?

आईला नमस्कार. मेंढरांवर आहे त्यातला थोडा लोभ माझ्यावरही असू द्या.

तुमची उत्कर्षा

शिराळा, ९ जानेवारी

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद. तोडलेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवून आम्ही खुशाल आहोत.

मी कुणालाच फक्की मारायला सांगितलं न्हाई. तू चित्र उलटं तर धरलं न्हाईस? गुंड्याचं ह्यात लय मोठं कपट असणार. पावसाळ्यात मेंढरं त्याच बोळातून मागच्या परड्यात जातात. बोळ गेला तर कळप ठेवायचा कुठं, ह्या घोरानं माझी झोप उडाली आहे. महिनाअखेरीला हद्दीच्या चौकशीचे साहेब गावात येणार, तेव्हा लिहितील ते कायमचं. मेंढ्या व्यायला आल्यात, मला हलता येत न्हाई. तूच जाऊन छडा लाव. तुझी आई म्हणते, भांडू नकोस, चहा पिऊन ये.

जपून राहा. आम्हां दोघांचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझा दादा, कोंडीबा

सातारा, १७ जानेवारी

तीर्थरूप दादा,

शि. सा. न. वि. वि. काल गावी जाऊन आले. चहा दोनदा प्याले, आईला सांगा.

फक्की गुंडाकाकांनीच मारलीय! आधी विषय टाळत होते. मग म्हणाले, की शेजारचं घर नकाशात बिनहद्दीचं राहील म्हणून त्यांनी चुना उचलला, आणि पहिल्यांदा बोळ स्वतःकडेच घेतला. कोंडीबा समोर असता तर वीतभरही जागा सोडली नसती, म्हणाले. पण भांडायला समोर कुणी न्हवतं, दाराला कुलूप तेवढं हुतं. एकट्यानं लबाडी करायची लय लाज वाटली. म्हणून झाडूनं रेघ पुसली आणि बोळ कोंडीबाच्या हद्दीत घातला. हे सांगताना माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. मला रडूच आलं, दादा.

आता साहेबांना काय सांगायचं? कळवा, आणि माया असू द्या.

तुमची उत्कर्षा

शिराळा, २२ जानेवारी

चि. उत्कर्षा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र तुझ्या आईनं माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

चौकशीला मीच येतो. मेंढरं तुझी आई बघेल. बोळ दोघांचा म्हणून लिहा, असं साहेबांना सांगणार आहे. गुंडा ऐकायचा न्हाई. बोळ कोंडीबाचाच म्हणून चारचौघांत हुज्जत घालेल, आरडाओरडा करेल. करू दे. ह्या खेपेला मी त्याच्या समोर असेन.

तुझा दादा, कोंडीबा