मोठं फाटक

र्युसेल्सहाइम, जूनमधला दुसरा रविवार

पार पडलं एकदाचं. आठवडाभर गोष्ट मनाशी घोकत होतो. आपण सातवी शिकलेले, आणि क्रिकेट क्लबातल्या जर्मन पोरांना गोष्ट सांगायची ती शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज अष्टपैलूची. वडिलांकडून ऐकलेली. नातीला, सईला, माझी लाज वाटली तर? सून म्हणाली, "बाबा, मुलंच तर आहेत." मुलांचीच तर भीती.

मी मराठीत बोललो, सई जर्मनमध्ये सांगत गेली. तो पगारी खेळाडू, म्हणून सकाळी फलंदाजी करून दुपारभर गोलंदाजीही त्यानेच करायची. हौशी साहेब मोठ्या फाटकातून मैदानात उतरायचे, पगारी लोक बाजूच्या लहान फाटकातून. पहिल्या महायुद्धात त्याचा खांदा कामातून गेला. वेगवान गोलंदाजी संपली, तर हा फिरकी शिकला आणि पुन्हा इंग्लंडकडून खेळला.

एका पोराने विचारलं, तो मोठ्या फाटकातून कधी गेला का? झालं, आता पचका. खोटं सांगावं का? "माहीत नाही," म्हणालो. सईने तेच सांगितलं. पोरं आपसात कुजबुजायला लागली.

आमच्या मैदानालाही मोठं फाटक आहे, गवत कापायच्या गाडीसाठी. नेहमी कुलूप. निघताना पाहतो तर उघडं. सईने प्रशिक्षकांकडून किल्ली आणलेली, पोरं दोन्हीकडे बॅट उंच धरून उभी. माझ्याशी एरवी जर्मनच बोलणारी सई म्हणाली, "आजोबा, इकडून."

गेलो. काठी काखेत मारली आणि मोठ्या फाटकातून ताठ चालत गेलो.