पेरलेली लाट

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
मुंगीचा सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या कामाच्या पत्त्यावर पाठवते आहे, दचकू नकोस. घरी फोन केला की बाबा तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवतात आणि मधेमधे स्वतःच उत्तरं देतात. हे मात्र तुझ्या एकटीच्या कानावर घालायचं आहे.

मी मजेत आहे. संशोधनाच्या खोलीत आम्ही चौघं, चार संगणक आणि एक किटली. किटलीवरून भांडणं होतात, कृष्णविवरांवरून अजून झालेली नाहीत.

आता मुद्द्याचं. तुला मागे सांगितलं होतं, दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत आदळली की अवकाशालाच हेलकावा बसतो. तो पकडायला कित्येक किलोमीटर लांब नळ्यांच्या टोकांना आरसे टांगलेले असतात. ते हलतात तेही अगदी नावापुरते. लाटेने हलले की बाहेरून ट्रक गेला म्हणून, हे ओळखणं आमचं काम. गेल्या आठवड्यात एक लाट सापडली, स्वच्छ आणि ठसठशीत. मी पडद्यासमोर अशी खिळून बसले की किटलीतलं पाणी आटून गेलं तरी पत्ता नाही.

पण यात एक मेख आहे. आमच्यातल्या दोन-तीन माणसांना कुणालाही न सांगता ते आरसे मुद्दाम हलवायची परवानगी असते. म्हणजे खोटी लाट पेरायची आणि आम्ही जागे आहोत की झोपलोय ते बघायचं. आम्ही सगळी गणितं करायची, लेख लिहून पुरा करायचा, आणि मगच ते तोंड उघडणार. तोवर लाट खरी की पेरलेली हे मला माहीत नाही, माझ्या मार्गदर्शक बाईंनाही माहीत नाही. आत्या, ती खरी असावी असं मला फार वाटतंय. चार वर्षं मान मोडून बसले ती ह्याचसाठी. बाहेर बोलायची बंदी आहे. तुला सांगितलं, कारण तुझ्या पोटात राहतं. बाबांना मुळीच नको.

आईला नमस्कार सांग. तुझा लोभ आहे तेवढा ठेव, थोडा वाढला तरी तक्रार नाही.

तुझी,
मुंगी


१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पाकीट मिळालं. इथे विमानतळावर आलेली प्रत्येक वस्तू आधी मशीनमधून जाते, त्यामुळे तुझं पत्र मी वाचायच्या आधी आरपार बघितलं. आक्षेपार्ह काही आढळलं नाही.

तुझी मेख वाचून मला हसूच आलं. अगं, आमच्याकडे रोज हेच चालतं. प्रवाशांच्या बॅगा पट्ट्यावरून सरकत असतात, मी पडद्यावर डोळे लावून बसलेली, आणि मशीन अधूनमधून आपणहून एखाद्या भल्या माणसाच्या बॅगेत पिस्तुलाचं खोटं चित्र घुसडतं. बटण दाबलं की पाटी येते, ही चाचणी होती, शाब्बास. नाही दाबलं की साहेबांचं बोलावणं. परवा एका आजोबांच्या बॅगेत सुरी दिसली. बटण दाबलं, पण पाटी काही येईना. म्हणजे सुरी खरीच. आजोबा म्हणाले की पेन्सिलीला टोक काढायला लागते. पण खरी सापडली की अजूनही मी पट्टा थांबवून आधी घोटभर पाणी पिते. तुला खरी हवी आहे, तर खरी निघो.

तुझ्या बाबांबद्दल तुला आधीच सांगून ठेवते. विमा कचेरीतल्या मित्राकडे त्याने तुझ्यासाठी शब्द टाकलाय. मित्र जूनपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. दादाचं म्हणणं एवढंच की जो पेपर कुणी तपासूच शकत नाही, तो पोरीने किती वर्षं सोडवत बसायचा. चष्म्याच्या दुकानात जन्म गेला त्याचा. गिऱ्हाइकाला अक्षर दिसतं किंवा दिसत नाही, तिथल्या तिथे निकाल. तेव्हा त्याच्यावर रागावू नकोस.

वेळेवर जेव आणि किटलीकडे लक्ष ठेव. तुझ्यावर माझी माया आहे हे लिहायला हवं का?

तुझी,
आत्या


११ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोलीत शेवटी कृष्णविवरावरून भांडण झालंच.

दोन विवरं आदळून एक होतात ना, ते नवं विवर थोडा वेळ थरथरतं. ताटली हातातून पडली की थरथरत शांत होते, तसं. त्या थरथरीवरून नवं विवर किती जोरात स्वतःभोवती फिरतंय हे काढायचं, हाच माझा सगळा प्रबंध. अजिबात फिरत नसेल तर शून्य, फिरण्याची हद्द झाली तर एक. आमच्या खोलीतले थोरले (सगळ्यांत जुने, खुर्चीला त्यांचा आकार आलाय) तेच उत्तर टक्कर होण्याआधीच्या लाटेवरून काढतात. सापेक्षतावाद सांगतो की दोन्ही उत्तरं जुळलीच पाहिजेत. थोरल्यांचं आलं ०.७०, माझं ०.५५. म्हणजे एक तर माझं चुकतंय, नाहीतर थोरल्यांचं, नाहीतर सापेक्षतावादाचं. थोरले म्हणाले, तिसरी शक्यता तूर्त बाजूला ठेवू, आणि दुसरीचा तर प्रश्नच नाही.

त्यांच्या मते माझा आकडा लेखातून काढून टाकावा. बाईंनी निर्णय माझ्यावर सोडला. ठेवलास तर दोन्ही आकडे छापू म्हणाल्या, पण तुझा चुकीचा ठरला तर तुझी पद्धतच कोसळेल आणि प्रबंध पहिल्यापासून लिहावा लागेल. मी सगळं पुन्हा तपासलं. माझा संशय असा, की आदळण्याआधी दोन्ही विवरं सरळ उभ्या भोवऱ्यांसारखी फिरत होती असं थोरल्यांनी धरून टाकलंय. तिरकी फिरत असतील तर? ते म्हणाले की तेवढं गणित करत बसलो तर लेख पावसाळ्यानंतर निघेल.

माझा घास कडू झालाय. माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस? लवकर लिही, आणि रागे भरायचं असेल तर पत्राच्या शेवटी भर.

तुझी,
मुंगी


२२ मार्च

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस म्हणून सांगते. आकडा काढून टाक. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? थोरले तिथे तुझ्या आधीपासून आहेत. ताठ उभं राहणाऱ्याला वारा जास्त लागतो. पदवी पदरात पडू दे, मग काय वाट्टेल ते छाप. चार वर्षं पाण्यात गेलेली मला बघवणार नाहीत.

आता दुसरी गोष्ट, आणि ती लिहिताना हात जड झालाय. रविवारी दादा त्या मित्राला जवळजवळ होकारच कळवत होता. मला राहवलं नाही. म्हटलं, अरे थांब, तुझ्या पोरीला काहीतरी मोठं सापडलंय. पुढे त्याने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. पेरलेलं असू शकतं हेही मी सांगितलं, पण तेवढं त्याच्या कानांत शिरलं नाही. कुणाला सांगू नकोस म्हणून बजावलं, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, डोळ्यांवर तपासणीची चौकट चढवून उठता येणार नाही अशी सोय केल्यावर, मुलीने कृष्णविवर शोधल्याची बातमी देऊ लागला. सुदैवाने निम्म्या लोकांना ते खाणकामाबद्दल वाटतंय.

माझ्या पोटात राहतं असं तू लिहिलं होतंस. राहिलं नाही. रागावलीस तरी पत्र लिहायचं बंद करू नकोस, इतकंच मागणं.

तुझी,
आत्या


२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

रागावले होते. खाणकामापर्यंत आले आणि राग गेला. बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला, मग म्हणाल्या की चष्म्याच्या दुकानातून बातमी फुटली असं आजवर ऐकलं नव्हतं. पुन्हा मात्र असं होऊ द्यायचं नाही.

तुझा सल्ला दोनदा वाचला आणि ऐकला नाही. आकडा काढला असता तर थोरल्यांशी गोडी राहिली असती, पण मग मी चार वर्षं काय केलं ते मलाच सांगता आलं नसतं. लेखात दोन्ही आकडे आहेत, माझ्या आकड्यापुढे माझं नाव आहे. लेख कुलूपबंद झालाय, आता एक अक्षर बदलता येणार नाही. या महिन्याच्या अखेरीला सभा आहे, त्यात ते लोक तोंड उघडतील. बाबांना तोवर आवर. तुझ्यावर माझा जीव आहे, फुटक्या पोटासकट.

तुझी,
मुंगी


२९ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

लाट पेरलेली निघाली.

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत बसून नेहमी बिस्किटं खाणारे एक गृहस्थ उठले, हातावरचा चुरा झटकला आणि शांतपणे म्हणाले की ही आम्ही घातली होती. कुणीतरी हसलं. मला रडू फुटणार होतं. खरी हवी होती गं मला. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठेतरी झालेली टक्कर आपण ऐकली असं रोज मनात घोळवत होते, आणि ती या बिस्किटवाल्यांनी दुपारच्या चहानंतर घडवून आणलेली.

मग त्यांनी पडद्यावर आकडे लावले, त्यांनी स्वतः काय पेरलं होतं ते. दोन्ही विवरं तिरकी. नव्या विवराचं फिरणं ०.५६. माझं ०.५५. आत्या, मी वाकून पुढच्या खुर्चीची पाठ धरली. वस्तुमान मी बरंच जास्त सांगितलं होतं, आणि अंतर तर सगळ्यांचंच चुकलं, पण ज्यावरून भांडण होतं ते माझं बरोबर आलं. थोरले उठून माझ्या रांगेत आले आणि म्हणाले की तिरक्या भोवऱ्यांचं गणित आपण दोघं मिळून करू. दुसरी शक्यता होती तर, एवढंच पुटपुटले.

परत येताना बाईंनी एक गोष्ट सांगितली ती अजून डोक्यातून जात नाही. लाट खरी असती तर आमच्यातलं कोण बरोबर ते आज कुणालाच सांगता आलं नसतं. खऱ्या विवराचं उत्तर कुणाकडेच नसतं. खोटी निघाली म्हणूनच मला कळलं.

प्रबंध शाबूत आहे. मला एकाच गोष्टीची चिंता आहे, बाबा आता दुकानात काय तोंड दाखवतील? तूच त्यांना हळू सांग. मला फोनवर जमणार नाही. तुझ्या मायेवर भरवसा ठेवून थांबते.

तुझी,
मुंगी


९ मे

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलंमाकलं समजून घे. फोनवर बोललो असतो, पण ही म्हणाली की तुम्ही फोनवर फक्त बोलता, ऐकत नाही. पत्रात निदान तू मधे थांबून वाचशील.

तुझ्या आत्याने तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं. दुकानाची काळजी तू करू नकोस. समोरचा कापडवाला परवा मुद्दाम येऊन विचारून गेला की मुलीचं विवर बुजलं का. मी त्याला बसवलं, डोळ्यांवर चौकट चढवली आणि सांगितलं की मोठमोठ्या लोकांनी मुद्दाम अवघड पेपर काढला होता, खोलीतल्या सगळ्यात जुन्याचं उत्तर चुकलं आणि माझ्या मुलीचं बरोबर आलं. तो म्हणाला, असं होय. त्याचा नंबरही वाढलाय.

विम्याच्या मित्राला सांगितलं की खुर्ची दुसऱ्या कुणाला दे. तो जरा फुगलाय, होईल ठीक.

मी इतकी वर्षं तुझ्या मागे लागलो ते मला तुझं काम समजत नव्हतं म्हणून. आताही समजलं असं नाही. पण भीती वाटायची, की ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही त्यात मुलगी चुकत राहिली तर तिला सांगणार कोण. ती भीती आता वाटत नाही. पुढे तुला खरं विवर सापडेल. तेव्हा तपासून द्यायला कुणी नसेल. तेव्हाचा तुझा आकडा मी आत्ताच बरोबर धरला आहे.

तब्येतीला जप. आम्हा तिघांची माया तुझ्यापाशी आहे.

तुझे,
बाबा